व्ही. कनका, जी. कनका

आमच्या खालच्या बिऱ्हाडातल्या कनकाक्कावर चोरीचा आळ आला, तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून कॉफी पीत होते. आणि चोरी कोणाच्या मालाची, तर कनका नावाच्याच बाईच्या. हे वाचून कोणाला हसू आलं तर येऊ दे, मलाही पुढे पुष्कळ दिवसांनी आलं. त्या दिवशी मात्र तोंडातला घोट तोंडातच राहिला.

पण ही कनकाक्का कोण, ते आधी सांगायला हवं.

आम्ही साताऱ्याकडचे. ह्यांची रेल्वेच्या ऑफिसात मद्रासला बदली झाली आणि सत्तावन्न साली आम्ही वेस्ट मांबलमला एका घराच्या माडीवर बिऱ्हाड थाटलं. तिथे मराठी बोलणारं काळं कुत्रंही भेटायचं नाही, असं मला सगळ्यांनी बजावून धाडलं होतं. पहिल्याच सकाळी जिन्याखालून हाक आली, "अगे माडीवरली, नळास पाणी आलं कीं! घागर घेऊन ये!" मी पायरीवरच थबकले. शब्द मराठी आणि हेल असा, की डोळे मिटले तर तमिळ बाईच बोलतेय. खाली जाऊन बघते तर दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घातलेली, उंच, सावळी बाई कमरेवर घागर घेऊन उभी. "तुम्ही मराठी?" मी विचारलं. "मग कोण म्हणून समजलीस? आम्ही तंजावरचे," ती म्हणाली आणि माझी घागर नळाखाली सरकवून मोकळी झाली.

ह्या लोकांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेले, तिथलेच झाले आणि मराठी घरातल्या घरात सांभाळत राहिले. मी शाळेत इतिहास शिकले होते, पण इतिहास नळावर पाणी भरायला येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वयाने ती थोडी मोठी, म्हणून इकडच्या रीतीने मी तिला कनकाक्का म्हणू लागले.

दुसरा धक्का तिच्या नोकरीचा. सकाळी घरातलं आवरून ती मांबलम स्टेशनवर गाडी पकडायची आणि तांबरमच्या बाजूला एका कॉलेजात फ्रेंच शिकवायची. फ्रेंच! मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचे वडील वेंकटरमणराव कारैकालला, म्हणजे समुद्रकाठच्या फ्रेंच अमलातल्या गावात, भाताच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होते आणि घराजवळची शाळा म्हणून त्यांनी मुलीला फ्रेंच नन्सच्या शाळेत घातलं होतं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, वर्गात फ्रेंच आणि कानावर प्रार्थनेचं लॅटिन, अशी ती वाढली. मग मद्रासला येऊन एम.ए. झाली, तेही लग्नाआधी. आमच्याकडे मॅट्रिक झालेल्या मुलीला स्थळ मिळताना मारामार, आणि ही एम.ए. होऊन, वर नोकरी करून, मग बोहल्यावर चढलेली.

नवरा गुरुमूर्तीराव बँकेत. माणूस इतका गरीब स्वभावाचा की डासालासुद्धा हात जोडून 'जा बाबा' म्हणेल, आणि वेस्ट मांबलमला डास काही थोडेथोडके नाहीत. घरात तिसऱ्या विशालाक्षीबाई, कनकाक्काच्या सासूबाई. तिखट बाई. सून डॉक्टरेट करतेय हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर होईल, पण माझ्या गुडघ्यास औषध देणार नाहीं म्हणे. मग कसली डॉक्टर?"

मलाही तोच प्रश्न होता. म्हणून एकदा विचारलं, "कनकाक्का, तुझी डॉक्टरेट कशावर गं?"

"कर्मणी प्रयोगावर," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. रामाकडून रावण मारला जातो, तोच तो कर्मणी प्रयोग? ज्याच्यापायी मी शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या, त्याच्यावर शहाणीसुरती बाई आपण होऊन चारशे पानं लिहिते? पण ती सांगायला लागली की ऐकावंसं वाटायचं. "बघ, लॅटिनांत 'स्तुति केली जाते' हें एका शब्दांत बोलत. त्या भाषेला लेकी किती! फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन. आणि एकीनेंही आईचं तें रूप ठेवलं नाहीं. कोठें गेलं?"

"कुठे गेलं?"

"तें शोधत पंडित शंभर वर्षांवर भांडतात. मी तें रूप शोधत नाहीं गे. मी त्या शोधणाऱ्यांना शोधत्यें."

म्हणजे हिचा विषय क्रियापद नव्हताच, क्रियापदामागे धावलेली माणसं होती. आधी जर्मनीतले पंडित, त्यांनी जुन्या पोथ्या मांडून पाचही बहिणींची रूपं शेजारी शेजारी लावली. मग दुसरे आले, ते म्हणाले, गेलेल्याचं सुतक कशाला? आता इटालियन, स्पॅनिश माणूस 'घर विकलं जातं' म्हणण्याऐवजी 'घर स्वतःला विकतं' असं म्हणतो, काम भागतं. मग कोणी एक झोळी घेऊन डोंगरातल्या मेंढपाळांकडे गेला आणि तुम्ही कसं म्हणता हो, असं विचारत फिरला. हल्ली अमेरिकेतले लोक म्हणे सरळ वाक्याचं कर्मणी कसं करायचं त्याचे गणितासारखे नियम बनवतात. कोण आधी काय बोललं, कोणी कोणाचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे सगळं तिला भावकीतल्या भांडणासारखं तोंडपाठ. खाटेवर दोन पुस्तकं शेजारी उघडून ठेवायची आणि ओळीला ओळ लावत जायची. एकाने दुसऱ्याचं उचललेलं सापडलं की अशी खूश व्हायची, जसं दुधावर टपलेल्या मांजराला कोणी रंगेहाथ धरावं.

हे सगळं हौसेचं नव्हतं. कॉलेजातली तिची जागा कच्ची होती. बासष्टच्या जूनपर्यंत डॉक्टरेट मिळाली तर जागा पक्की, नाहीतर दुसरं कोणी. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. साठ साली तिने प्रबंध दिला, तो बोटीने दोन परदेशी परीक्षकांकडे गेला. एकाने होकार दिला. दुसरे फ्रान्समधले नामांकित प्राध्यापक, त्यांचं उत्तर काही येईना.

ते आलं एकसष्टच्या पावसाळ्याआधी, आणि तेव्हाच मी त्या पाटावर बसले होते. विशालाक्षीबाई भाजी चिरत होत्या. भरदुपारी कनकाक्का घरी आली, हे एक नवल. आणि चपला पायात तशाच ठेवून स्वयंपाकघरात आली, हे दुसरं. विशालाक्षीबाईंनी ओरडायला तोंड उघडलं, पण सुनेचा चेहरा बघून 'काय झालं गे?' एवढंच विचारलं.

"मी चोर म्हणून लिहिलंय," कनकाक्का म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

हळूहळू कळलं ते असं. परीक्षकांनी कळवलं होतं की, उमेदवार जी. कनका यांच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण हे व्ही. कनका यांच्या लेखावरून जवळजवळ शब्दशः उचललेलं आहे. तो लेख बावन्न साली मद्रासच्या एका कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलेला आहे. त्याचा उल्लेख उमेदवाराने एकदाही केलेला नाही. अशा व्यक्तीला कुठल्याही विद्यापीठाने दारात उभं करू नये.

"पण ही व्ही. कनका कोण मेली?" मी विचारलं.

"मी."

"आणि जी. कनका?"

"तीहि मीच."

मला काही समजेना. मग तिने मला, साताऱ्याच्या बाईला, मद्रासची रीत समजावली. इकडे आडनाव नसतं. नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर. वेंकटरमणांची मुलगी म्हणून ती व्ही. कनका. पंचावन्न साली गुरुमूर्तींशी लग्न झालं आणि बापाचं अक्षर जाऊन नवऱ्याचं आलं, जी. कनका. मद्रासच्या भाजीवालीलाही हे समजतं. पण फ्रान्समध्ये बसलेल्या माणसाला कोण सांगणार? कारैकालच्या शाळेतल्या तिच्या मदरने कौतुकाने त्या वार्षिक अंकाच्या प्रती पॅरिसला धाडल्या होत्या, त्यातलीच एक ह्या प्राध्यापकांच्या हाती पडलेली.

"अगं मग खाली लिहायचं नाही का, की हे मीच आधी लिहिलं होतं म्हणून?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आपलं नाव आपल्याच तोंडाने घ्यायचं?" ती म्हणाली. "अप्पा लहानपणापासून शिकवलेत, तशी बढाई करूं नये म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी करणारे उजळ माथ्याने हिंडतात, आणि ही बाई बढाई नको म्हणून स्वतःचं नाव गिळून बसली, तर हिलाच चोर! विशालाक्षीबाई विळीवरून उठल्या, सुनेच्या पायातल्या चपला स्वतःच्या हाताने काढल्या आणि बाहेर ठेवून आल्या. चार वर्षांत मी त्यांना सुनेसाठी वाकताना पाहिलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, साधी गोष्ट आहे, सांगितली की संपली. समुद्रासमोरच्या विद्यापीठाच्या ऑफिसात हे काम सत्यनारायण नावाचे गृहस्थ बघायचे. कनकाक्काने त्यांना सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मॅडम, मला पटलं. अख्ख्या मद्रासला पटेल. पण ज्याला पटायला पाहिजे तो मद्रासमध्ये नाही." तरी त्यांनी खुलासा पाठवला. गुरुमूर्तीरावांनीही आपल्या बँकेच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की 'जी' म्हणजे मी, आणि ही माझी धर्मपत्नी असून तिचं वर्तन अत्यंत चांगलं आहे.

फ्रान्सहून उत्तर आलं, ते आणखीच भलतं. परीक्षक लिहीत होते की, लग्नानंतर स्त्रीचं आडनाव बदलतं हे आम्हालाही ठाऊक आहे. इथे आडनाव तर दोन्हीकडे कनका हेच आहे. बदललं आहे ते पहिलं नाव, आणि पहिलं नाव लग्नाने बदलल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. सबब ह्या कनका घराण्यातल्या दोन बहिणी असाव्यात. बहिणीच्या कामावर डल्ला मारणं हे परक्याच्या चोरीहून अधिक लाजिरवाणं होय.

"कनका घराणं!" गुरुमूर्तीराव एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कनका घराणं!"

त्यानंतरचे महिने मला आठवतात तेव्हा अजून राग येतो. चौकशी मिटेपर्यंत वर्गावर येऊ नका, असं कॉलेजने कळवलं. कोणीतरी फळ्यावर 'आज शिकवणार कोण, व्ही की जी?' असं लिहून ठेवलं होतं म्हणे. आणि ज्यांना ही रीत जन्मापासून माहीत, तेच लोक 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही' म्हणायला लागले. नवरात्रात आमच्या गल्लीत घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात आणि बायका एकमेकींना हळदी-कुंकवाला बोलावतात. त्या वर्षी मला सगळीकडून बोलावणं आलं, माझ्याच जिन्याखाली राहणाऱ्या बाईला एकाही घरून नाही. मराठी नाही, तमिळ नाही, तेलुगू नाही, सगळ्या सारख्याच. मी एका घरी भरल्या खोलीत विचारलं, की तुम्ही सगळ्या आपापल्या बापांची अक्षरं कुठे टाकून आलात गं? चण्याची उसळ न घेता निघून आले.

शेवटी धावून आली ती कारैकालची म्हातारी मदर. तिने त्या प्राध्यापकांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, की दोन्ही कनका म्हणजे माझीच एक विद्यार्थिनी; तो बावन्न सालचा लेख मी माझ्या हाताने तपासला आहे; आणि पहिलं नाव बदलत नाही म्हणता, तर नन होताना माझंही बदललं, तेव्हा मी कोणावर डल्ला मारला तेही कळवावं. शाबास म्हातारे! प्राध्यापकांना स्वतःच्या देशातली, स्वतःच्या भाषेतली साक्ष मिळाली आणि एका फटक्यात सगळं पटलं. त्यांनी माफी मागितली, प्रबंधाची तोंड भरून स्तुती केली आणि पदवी द्यावी असं कळवलं. मी तर म्हटलं, नवऱ्याने सांगितलेलं खोटं आणि गोऱ्या बाईने सांगितलेलं खरं! पण म्हटलं ते मनात. घरात पायसम, म्हणजे इकडची खीर, शिजत होतं.

बासष्ट उजाडलं होतं, पदवीदान समारंभ जवळ आला होता, जूनला अवकाश होता. आम्ही सगळे खाली जमलो. विशालाक्षीबाईंनी सुनेच्या वाटीत काजू जास्त घातले, तेही मी पाहिलं. कनकाक्का परीक्षकांचं पत्र मराठीत करून सांगत होती. त्यात एक वाक्य होतं: 'तुम्ही चौथ्या प्रकरणात त्या इटालियन सांतुच्चीची चोरी ज्या पद्धतीने उघडकीस आणलीत, तीच पद्धत मी तुमच्या बाबतीत वापरली, चूक माझी झाली, पद्धतीची नव्हे.'

"हा सांतुच्ची कोण?" मी विचारलं.

"तो गे!" तिचा चेहरा खुलला. "इटलींत एक लहान गांव आहे. तेथें ई. पेरोन्ची म्हणून एकानें कर्मणी रूपांवर छान लिहिलं. मग नऊ वर्षांनीं त्याच गांवच्या ई. सांतुच्चीनें पुस्तक काढलं. पानंच्या पानं तीं! पेरोन्चीचं नाव एकदांहि नाहीं. आजवर कोणाच्या लक्षांत आलं नव्हतं. मीच प्रथम धरलं. निर्लज्ज म्हणून लिहिलंय त्याला."

सगळे हसले. मीही पायसमच्या भरात बोलून गेले, "बरं झालं बाई, मी कधी काही लिहिलं नाही ते. तुमचं एक अक्षर बदलतं, आमच्याकडे तर लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नावच लिहितात. मी माहेरची चारुलता. उद्या कोणी म्हणालं, ह्या सुनंदेने चारुलतेची सगळी अक्कल चोरली, तर मी साक्षीला कोणाला आणू? आई-वडील गेले, आणि ताम्हनातले तांदूळ तर केव्हाच शिजले."

पुन्हा सगळे हसले. बोलता बोलता मलाच चर्र झालं, कारण ते खरं होतं. पण कनकाक्का हसत नव्हती. तिचा चमचा वाटीतच राहिला होता.

"सुनंदा," ती म्हणाली, "युरोपांतहि बायका लग्न करतात कीं."

"म्हणजे?"

"दोघांचंही पहिलं अक्षर ई. गांव तेंच. विषय तोच. आडनाव तेवढं निराळं." "ते दोघे पुरुष म्हणून मला कोण सांगिटलं? कोणीहि नाहीं. मीच समजलें. ती एकच बाई असेल तर? पेरोन्चींची लेक सांतुच्चींकडे दिलेली असेल तर?"

जिने नुकताच स्वतःच्या अंगावरचा डाग पुसला, ती बाई तोच डाग कधीच्या मेलेल्या कोणावर तरी लावून बसली होती, अगदी तशाच तऱ्हेने, अगदी तेवढ्याच खात्रीने. गुरुमूर्तीराव सावरून म्हणाले, "असेल म्हणून काय? नसेलहि. आधीं पदवी घे, नोकरी पक्की होऊं दे. मग सावकाश शोध. चुकलं असेल तर पुढें दुरुस्ती छापूं."

मी त्यांच्याच बाजूची. स्पष्ट सांगते, मला कुठल्या इटलीतल्या बाईचं सोयरसुतक नव्हतं. "अगं, ती मरून किती वर्षं झाली असतील!" मी म्हटलं. "तिला काय कळणार आहे?"

"माझ्यासाठीं तुम्ही होता, मदर होत्या," कनकाक्का म्हणाली. "तिच्यासाठीं कोण लिहील?"

तिने त्या गावच्या चर्चच्या पाद्र्याला चौकशीचं पत्र टाकलं, आणि उत्तराची वाट न बघता विद्यापीठात जायला निघाली. मी सोबत गेले, अजूनही मन वळवता येईल ह्या आशेने. गाडीत, बसमध्ये, विद्यापीठाच्या जिन्यावर, मी बोलत होते आणि ती ऐकत होती. सत्यनारायणांच्या टेबलापाशी तिने सांगितलं, की माझा प्रबंध परत द्या, त्यातल्या एका माणसाबद्दल मला खात्री नाही.

सत्यनारायणांचा पानाचा विडा तोंडाशी थांबला. "मॅडम, पदवी द्या म्हणून रडणारे इथे रोज येतात," ते म्हणाले. "नको म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्या. प्रबंध मागे घेतला तर पुन्हा द्यायचा, पुन्हा बोटीने जायचा, पुन्हा दोघांनी वाचायचा. जून हातचा गेला, समजा. एक ओळ खोडायची आहे, तर ती पदवी घेतल्यावर घरी बसून खोडा ना!"

"ती ओळ मग इथल्या ग्रंथालयांत कायम राहते," ती म्हणाली. "कोणीतरी बघेल आणि खरी म्हणून समजेल."

मला इतका संताप आला की मी बाहेर येऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. शहाण्या माणसाने स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेतलेला मी डोळ्यांदेखत पाहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचेही डोळे ओले होते, पण चाल सरळ होती.

जून आला आणि गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कनकाक्का ओट्यावर बसून गल्लीतल्या मुलांना फ्रेंच शिकवू लागली. ज्या बायकांनी तिला नवरात्रात टाळलं होतं, त्यांचीच मुलं आता तिच्याकडे येत, आणि ती त्यांना शिकवत होती. माझ्याने ते बघवत नसे. चौथं प्रकरण तिने पुन्हा लिहिलं, त्यातला 'निर्लज्ज' काढला, आणि दोन पुस्तकांत मजकूर सारखा आहे, दोन लेखक एक की दोन ते कळत नाही, एवढंच ठेवलं. डॉक्टरेट तिला चौसष्ट साली मिळाली. पण तोवर कॉलेजात कोणाला तिची गरज उरली नव्हती.

इटलीचं उत्तर यायला दोन वर्षं उलटून गेली. पाद्री आजारी होता, मग त्याला जुनी दप्तरं काढून बघायला वेळ लागला, असं काहीतरी. पोस्टमन आला तेव्हा मी माडीवर कपडे वाळत घालत होते. खालून हाक आली, आणि मी ओला पदर तसाच खोचून धावत उतरले. विशालाक्षीबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. कनकाक्का उभ्यानेच वाचत होती. वाचता वाचता तिने एकदा कपाळावर हात मारला.

माझे तर आधीच डोळे भरून आले. "बाई होती ना गं?" मी विचारलं. "एकच बाई होती ना?"

"नाहीं," ती म्हणाली. "दोघे निरनिराळे. दोघेहि पुरुष. पेरोन्ची औषधांचा दुकानदार. एत्तोरे म्हणून नाव. सांतुच्ची शाळेचा मोठा अधिकारी, एमिदिओ. पेरोन्ची मेला, तर त्याच्या विधवेस 'कागद बघून देतों' म्हणून सांगून हा सगळं घेऊन गेला. परत दिलंच नाहीं. गांवांत सगळ्यांना ठाऊक. सांतुच्चीची तसबीर अजून शाळेंत लावलीय म्हणे."

"म्हणजे तो चोरच?"

"पक्का."

मी तिथेच जमिनीवर बसले. बोलायला लागले, ते थांबता येईना. "कनकाक्का, नोकरी गेली गं तुझी! दोन वर्षं गेली! हातातोंडाशी आलेली पदवी तू त्या ऑफिसात परत देऊन आलीस, आणि कोणासाठी? त्या मेल्या खऱ्याखुऱ्या चोरासाठी? तू पहिल्यांदा लिहिलं होतंस तेच खरं होतं! अक्षरन् अक्षर!" विशालाक्षीबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, पहिल्यांदाच आमचं दोघींचं एकमत झालं होतं.

आणि कनकाक्का हसत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण हसू साधंच होतं, सकाळी नळाला पाणी आल्यावर हसायची तसं. ती माझ्याजवळ खाली बसली.

"आधीं तो चोर म्हणून मला वाटत होतं, सुनंदा," ती म्हणाली. "आतां मला ठाऊक आहे."

"फरक काय पडला त्याने? तू आधीही तेच लिहिलं होतंस ना?"

"फ्रान्सच्या त्यांनाहि माझ्याबद्दल तसं वाटतच होतं कीं," कनकाक्का म्हणाली.